मिशीआड

९ जानेवारी, सोमवार

दोऱ्याच्या कंपनीकडून दरवर्षी एक दैनंदिनी फुकट येते आणि दरवर्षी मी ती कोणाला तरी देऊन टाकतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाबद्दल लिहायला वेळ कुठून मिळणार, असं माझं मत. यंदा मात्र लेकीने काम लावलंय. तिशी ओलांडलेली पोरगी, यंत्रांचे आराखडे काढते, स्वतःचं घर करून राहते, आणि आता म्हणते की तिला ऑटिझम आहे. मानसतज्ज्ञ बाईंनी तसं सांगितलंय. बाईंना तिच्या लहानपणाची माहिती हवी आहे. "बाबा, आठवेल तसं लिहा. सजवू नका," म्हणाली. म्हणून दुकान उघडायच्या आधी हे घेऊन बसलोय.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात म्हणे. स्वतःत मग्न! ही पोरगी तर दुकानातल्या एकेका मशीनला नाव ठेवून त्यांची विचारपूस करत फिरायची.

असो. लिहितो. लहानपणी सुईला (घरात तिला सुईच म्हणतो, अंगानेही तशी आणि बोलण्यानेही) पंख्याच्या घरघरीचा त्रास व्हायचा. त्यात काय, मलाही होतो. लोकरीचं काही अंगाला लागू द्यायची नाही. मीही घालत नाही. पाहुणे आले की टेबलाखाली जाऊन बसायची. मला कोणी बसू दिलं असतं तर मीही बसलो असतो. ताटाची जागा बदलली की जेवायची नाही. माझी बदलली तर मलाही घास उतरत नाही. यात बाईंना कळवण्यासारखं काय आहे, देव जाणे.

माझं म्हणाल तर खांद्याला हत्यारांची पिशवी लावून दारोदार शिलाई मशीनं दुरुस्त करत फिरायचो. आज दोन दुकानं आहेत, तिसरं पुढच्या महिन्यात उघडतंय. सगळं या दोन कानांवर. रस्त्यावरून मशीन ऐकलं की सांगतो, खालून दोरा पकडणारा हूक कोरडा आहे की पट्टा ढिला. माणसांचंही तेच. गिऱ्हाईक म्हणतं, "विचार करून येतो." शेवटचं अक्षर वर गेलं तर येणार, खाली पडलं तर गेलं. कारागिरांना मी सांगतो, ज्याचे कान गेले त्याचा धंदा गेला. धंदा सोडा, त्याला माणूसच कळेनासा होतो. हे इतक्या वेळा सांगून झालंय की मी तोंड उघडलं की आमचा मिस्त्रीच वाक्य पुरं करतो. माझं दुसरं वाक्य: दिलेला शब्द फिरवला तर मिशी उतरवीन. गावभर मला मिशीवाले म्हणतात. पाटीवर चित्रही मिशीचंच आहे.

१६ जानेवारी, सोमवार

काल सुई जेवायला आली. जेवण झाल्यावर तिने फोनवर चित्रं दाखवली. नुसत्या डोळ्यांच्या पट्ट्या. ना नाक, ना तोंड. प्रत्येकीखाली चार शब्द. डोळे बघून सांगायचं, माणसाच्या मनात काय आहे. बाईंनी तिची अशीच परीक्षा घेतली होती.

पहिल्या पट्टीत कोणा बाईचे डोळे. खाली शब्द: घाबरलेली, चिडलेली, कंटाळलेली, आठवणीत गढलेली. मी म्हटलं, "या बाईला जरा बोलव. दोन वाक्यं बोलू दे, मग तिच्या सासूचा स्वभावसुद्धा सांगतो."

सुई हसली नाही. "तोच तर मुद्दा आहे, बाबा. आवाज नाही. सांगा."

मी भुवयांवरून अंदाज लावत गेलो. खाली उतरलेली भुवई म्हणजे राग, वर चढलेली म्हणजे भीती, असा हिशोब. निम्म्याहून जास्त चुकले. मग ही, सुईची आई, हात पुसत आली, सुईच्या खांद्यावरून वाकली, आणि ओळखीच्या बायका असाव्यात तशी बोट ठेवत गेली. ही धास्तावलीय, हा मनातून हसतोय, हिला काहीतरी विचारायचंय पण धीर होत नाहीये. एकही चुकली नाही. मी टेबलावरची भांडी गोळा करत विचारलं, "एवढं कुठे शिकलीस गं?" तर उत्तरच नाही. पुढची पट्टी बघत बसली. परीक्षेत पहिली आलेली माणसं अशीच असतात.

मग सुईने मला विचारलं, "समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की तुम्हाला काय होतं?"

"काय व्हायचंय?" म्हटलं आणि भांडी घेऊन आत गेलो.

खरं उत्तर इथे लिहितो. हे पान बाईंना द्यायचं नाही. डोळ्यांत बघितलं की माझे कान बंद होतात. समोरचा बोलत असतो आणि शब्द पोचत नाहीत. डोळेच तेवढे मोठे होत जातात, अंगावर येणाऱ्या गाडीच्या दिव्यांसारखे. म्हणून चष्मा नाकावर टेकतो ना, मी त्या जागी बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं, शेठ डोळ्याला डोळा देऊन बोलतात. आणि मिशी काही शोभेसाठी वाढवलेली नाही. लोकांची नजर मिशीवर अडकते, वर चढत नाही. त्या ओसरीवर ती थांबली की आत मी सुखाने बसतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, हिलाही नाही. ज्याला नजरेला नजर देता येत नाही तो चोर, असं आमचे वडील म्हणायचे. मी चोरी कधी केली नाही, पण प्रत्येकाशी बोलताना मला चोरट्यासारखं वाटतं.

२० जानेवारी, शुक्रवार

हिच्याबद्दल लिहावं की नको, या विचारात दोन दिवस गेले.

हिच्या आवाजावरच मी लग्न केलं. त्यांच्या घरी मशीन दुरुस्तीला गेलो होतो. आतल्या खोलीतून म्हणाली, "टाका सुटतोय हो, दोरा नवा घालूनही सुटतोय." बाई दिसलीही नव्हती. तेल दिलेल्या मशीनसारखा आवाज, कुठे खडखड नाही. चेहरा पुढे केव्हातरी बघितला असेल. घरी आल्यावर ही "आलात?" म्हणायची, त्या एका शब्दात मला सगळं कळायचं.

तो आवाज गेला. वर्ष-दीड वर्षात असा झालाय की पत्रा बडवावा. सपाट आणि गरजेपेक्षा मोठा. शेवटची अक्षरं गिळते. "आलात" म्हणते तेव्हा वाटतं दारात वसुलीवाला उभा आहे. कधी मी आतून काही विचारतो आणि ही उत्तरच देत नाही. मशीनवर बसली की गुणगुणायची, तेही बंद. आणि एकटक बघते. मी बोलायला लागलो की चेहऱ्यावर नजर रोखते. मला ते सहन होत नाही. मी पाठ करून काम करत करत बोलतो. मग ती आणखीनच समोर येते. उलटतपासणी घेतल्यासारखी.

मला आवाजावरून माणूस कळतं. हिला माझा वीट आलाय. एवढ्या वर्षांनी असं काय झालं, ते विचारायची मला लाज वाटते. उत्तर येईल या भीतीची लाज.

नव्या दुकानाचा वरचा मजला मी हिच्यासाठी धरला होता. मुलींना शिवण शिकवायचा वर्ग काढायचा, ही हिची लग्नाआधीपासूनची हौस. कधी मूल लहान होतं, कधी जागा नव्हती. आता जागा आहे तर हिचा उत्साह नाही. आज सकाळी आरशापुढे मिशीला कात्री लावताना विचारलं, "वर वर्गच काढायचा ना, की आता नको? नको असेल तर दोरेवाला ती जागा गोदामासाठी मागतोय."

मागून आलं, "हो."

आता यात 'हो' कशाला म्हणायचं? पण शब्द कसाही असो, मी सूर ऐकतो. सूर होता: करा तुम्हाला काय करायचं ते.

२८ जानेवारी, शनिवार

आज भांडलो. खरं तर मीच भांडलो.

कोपऱ्यावरूनच ऐकलं, दुकानात कुठलंतरी मशीन किंचाळतंय. हूक कोरडा, लोखंडावर लोखंड. माझ्या दातांत कळ गेली. आत येऊन बघतो तर ही! नव्या दुकानासाठी आणलेलं जाड कापडाचं मोठं मशीन चालवून बघतेय, शांतपणे, जणू काही झालंच नाही. आजवर विकायच्या आधी प्रत्येक मोठं मशीन हिनेच तपासलं. मी शेजारच्या बाकावर कानात कापूस कोंबून बसायचो आणि ही मोठमोठी धुडं दिवसभर चालवायची. तेल संपायच्या आधी हिला कळायचं. आणि आज हूक जळेपर्यंत चालवलं.

"मुद्दाम केलंस ना?" मी ओरडलो. मिस्त्री तिथेच होता. एरवी मी त्याच्यादेखत बायकोवर आवाज चढवत नाही.

हिने मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे, मग हुकाला हात लावला. चटका बसला असावा. "चुकलं," म्हणाली. तोच पत्र्यासारखा आवाज. ना खंत, ना काही. उठून निघून गेली.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, वहिनींची तब्येत बरी आहे ना? हल्ली माझ्याशी बोलताना तोंडाकडेच बघतात. म्हटलं, दातांत काही अडकलंय की काय माझ्या."

"तुझे आहेत किती? शोधत असेल," म्हटलं. हसलो दोघं. पण मला ते हसू गोड लागलं नाही.

एक मात्र खरं: घरात टीव्ही बघताना हल्ली आवाज पार बंद करते. माझ्या कानांना त्रास होतो म्हणून असेल. वीट आलेला माणूस असं का करेल, ते कोडं सुटत नाही.

सुईच्या बाईंना पानं पाठवली होती. त्यांनी विचारलंय, हे मुलीबद्दल लिहिलंय की वडिलांबद्दल, आणि वडील एकदा भेटायला येतील का? कळवलं, नवं दुकान उघडतोय, सवड नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

काल दुकान उघडलं. माणूस मावत नव्हता. कारागीर, जुनी गिऱ्हाइकं, कपड्यांच्या कारखान्याचे मालक. ही निळी साडी नेसून दाराशी उभी होती, सगळ्यांचं स्वागत करत होती. सुई एका कोपऱ्यात भिंतीला लागून.

मी माईक हातात घेतला. सगळ्यांचे आभार मानले, कानांचं वाक्य म्हटलं (मिस्त्रीने पुरं केलं, लोक हसले), आणि मग दोरेवाल्याला पुढे बोलावून जाहीर केलं की वरचा मजला त्याच्या गोदामाला देतोय. हिच्या वर्गाचा विचार होता, पण तिने मन काढून घेतलंय, आणि मिशीवाल्याने दिलेला शब्द म्हणजे शब्द. टाळ्या झाल्या.

आता जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो. आधी टाळ्या जोरात होत्या. मग एका बाजूने विरत गेल्या, दाराच्या बाजूने. शेवटी एकच टाळी राहिली, बांगड्यांसकट. हिची. सगळ्यांत उशिरापर्यंत हिने टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, राजी आहे.

मग शांतता. सुईचे पाय सरळ दाराकडे गेलेले ऐकले. हिला ती काहीतरी म्हणाली, अगदी हळू, मलासुद्धा ऐकू आलं नाही.  मोठ्या कारखान्याचे मालक घसा खाकरून म्हणाले, "निघतो, शेठ." शेवटचं अक्षर खाली पडलं. एकेक करत सगळे तसेच गेले. चहा तसाच राहिला.

काय झालं? मी हिच्याकडे बघितलं, म्हणजे हिच्या कपाळाकडे. कपाळ नेहमीसारखंच होतं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

ही सकाळी थोरल्या बहिणीकडे गेली. "येते," म्हणाली. कधी, ते नाही.

फोन केला. "बरं आहे, ठेवते," एवढंच. पुन्हा केला. पुन्हा तेच, मी काय विचारलं त्याचा पत्ताच नाही.

दुकानात मिस्त्री गप्प. वीस जणांची बडबड एकटा करणारा माणूस. शेवटी मीच म्हटलं, "बोल बाबा, मशीनसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतंय."

"काय बोलू, शेठ?" तो म्हणाला. "परवा वहिनींचे डोळे बघितले नाहीत का तुम्ही? ताईने सांगितल्यावरचे? हात टाळीतच राहिले होते. अख्ख्या दुकानाला दिसलं. माझी तर मान वर होईना."

"मी माईकवर होतो."

"समोरच होत्या हो."

मी पेचकस शोधायच्या निमित्ताने बाकाखाली वाकलो आणि बराच वेळ वर आलो नाही. पोरगी टेबलाखाली का बसायची, ते बाईंना आता मी नीट लिहून देऊ शकेन. अख्ख्या दुकानाला दिसलं, अनोळखी माणसांना दिसलं. घरच्या माणसाला नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

काल सुई दुकानात आली. गल्ल्यामागे बसली, माझ्याकडे न बघता बोलली. आम्ही बापलेक असेच बोलतो. दोघंही समोरच्या भिंतीला सांगत असतो.

"आईने शप्पथ घातली होती, पण मी मोडते. तिला ऐकू येत नाही, बाबा. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्याने थोडंसं."

मी म्हटलं, "काहीतरीच. मला कळलं नसतं?"

"कसं कळणार? तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो तसा झालाय. त्यात राग नाहीये. त्यात काहीच नाहीये. तुम्ही रिकाम्या डब्याचा आवाज ऐकून आत काय भरलंय ते सांगत होता."

"मग 'हो' का म्हणाली?"

"सगळ्यालाच हो म्हणते. हो म्हटलं की लोक पुन्हा विचारत नाहीत."

"अगं, पण मला का नाही सांगितलं? मी काय परका?"

तिने गल्ल्याचा खण बंद केला. मग माझ्याच सुरात, माझ्यासारखंच शेवटचं अक्षर ठोकत म्हणाली, "ज्याचे कान गेले त्याला माणूसच कळेनासा होतो."

मिस्त्रीने पुरं करायच्या आधी.

म्हणजे मी हे वाक्य हसत हसत म्हणत होतो आणि घरात एक बाई ते मनाला लावून बसली होती. उत्तर देत नव्हती तेव्हा मी रुसवा समजलो. ओठ वाचायला तोंडाकडे बघायची, ती उलटतपासणी. हूक जळला तो मुद्दाम. टीव्ही मुका तो माझ्यासाठी. एवढा पुरावा एखाद्या पोरासमोर ठेवला असता तरी त्याने सांगितलं असतं. मी ऐकत बसलो. ऐकण्यातच तर हुशार ना मी!

आणि टाळ्या. लोक टाळ्या वाजवतायत, आपल्याकडे बघतायत, म्हणजे नवऱ्याने वर्गाचंच जाहीर केलं असणार, असं तिला वाटलं.

सुई जाताना म्हणाली, "मलाही डोळे वाचता येत नाहीत, बाबा. मी विचारते. लोकांना विचित्र वाटतं. वाटू दे."

१३ फेब्रुवारी, सोमवार

काल मेव्हणीकडे गेलो. वाटेत भाषण पाठ केलं. माल विकायचं भाषण मी कधी पाठ करत नाही, पण हे केलं.

दार मेव्हणीनेच उघडलं. या बाईची जीभ म्हणजे कात्री. "या, या, कानवाले! इकडची वाट ऐकू आली वाटतं."

"ताई, ती आहे ना आत?"

"आहे की. ओळखा बघू, कुठल्या खोलीत. तुम्हाला तर रस्त्यावरून कळतं."

मागच्या खोलीत मशीन चालू होतं. तेल व्यवस्थित, टाका एकसारखा. ही पाठमोरी बसून पडदे शिवत होती. मी दारात उभा राहिलो, नेहमीप्रमाणे खाली जमिनीकडे बघत, आणि सगळं बोललो. वर्गाबद्दल, हुकाबद्दल, त्या वाक्याबद्दल.  आयुष्यात इतकं खरं बोललो नसेन. संपलं. मशीन चालूच. ही वळलीसुद्धा नाही.  म्हटलं, संपलं सगळं.

मागून मेव्हणी म्हणाली, "झालं? फार छान बोललात, भावोजी. मला तर रडू आलं. आता हेच तिला सांगा."

सगळं कळूनसुद्धा मी तिच्या पाठीला सांगत होतो! कान तापले. धरणी दुभंगली असती तर मी आधी माप घेऊन उतरलो असतो.

समोर जाऊन बसलो. ही दचकली, पडदा सावरला. मी बोलायला लागलो. ती वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कपाळाला आठ्या घालून. मग मान हलवली. "काही कळत नाही हो," म्हणाली. "केसच हलतात नुसते. दोरेवाल्याचं कळतं, मिस्त्रीचं दात नसूनही कळतं. तुमचंच तेवढं कळत नाही."

मेव्हणी दारातून म्हणाली, "त्या झुडपातून काय वाचणार ती?"

मी उठलो. "साडूंचा वस्तरा कुठे असतो?"

"अहो भावोजी, चेष्टा केली मी!"

मोरीपाशी छोटा आरसा होता. आधी कात्री, मग साबण, मग वस्तरा. एका जागी कापलंही. वरचा ओठ इतका पांढरा निघाला की कोणा दुसऱ्याचाच उसना आणून लावल्यासारखा. उघडा पडलो. रस्त्यात धोतर सुटलेल्या माणसाला काय वाटत असेल ते कळलं. टॉवेल तोंडाशी धरून खोलीत आलो आणि काढला.

ही बघतच राहिली. आणि हसली. मोठ्याने, भलत्याच मोठ्याने, फाटक्या सुरात; तिला कुठे माहीत होतं किती मोठ्याने हसतेय ते. मीही त्या सुरावरून काही ठरवलं नाही.

"बोला," म्हणाली.

बोलायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. ती माझ्या ओठांकडे बघत होती. नजर तिथेच, एक बोटभरही वर नाही. म्हणजे तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर नव्हते. दिव्यांचा झोत खाली होता. मी हळूच वर बघितलं. काही झालं नाही. कान उघडेच राहिले. माझे शब्द मला ऐकू येत होते, बाहेर मेव्हणीने आदळलेलं भांडंसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बायकोचे डोळे बघितले, दुकानाच्या काचेतून माल बघावा तसे, सावकाश. डाव्या डोळ्यात बाहुलीजवळ एक तपकिरी ठिपका आहे. मला माहीत नव्हता. लेकीचं लग्नाचं वय उलटलं आणि मला बायकोच्या डोळ्यांचा रंग आता कळला.

आत काय लिहिलंय ते मात्र नाही कळलं. पाणी होतं, पण पाण्यावरून हसू की रडू ते ठरत नाही. शेवटी सुईसारखं विचारलं.

"या पट्टीखाली कोणता शब्द लिहू?"

तिने ओठ वाचले, जरा विचार केला. "लाज," म्हणाली.

"कोणाची? माझी?"

"आधी माझीच होती. तुमच्यासारख्याच्या घरात बहिरी बायको. म्हणून लपवत होते. त्या दिवशी टाळ्या वाजवल्या ना, तेव्हापासून तर..." मग पडद्याचा दोरा दातांनी तोडला. "आता निम्मी तुम्ही घ्या."

"सगळी देतेस का?"

"निम्मीच."

२१ फेब्रुवारी, मंगळवार

दोरेवाल्याकडे गेलो होतो. जागा देता येत नाही म्हणून सांगितलं. तो आधी माझ्या ओठाकडे बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे खरंच शब्द फिरवला म्हणून उतरवलीत? शेठ, मानलं!" आता गावभर तेच झालंय. दुकानात माणसं मशीन बघायला येतात आणि माझा ओठ बघून जातात. मिस्त्री विचारतो, पाटी रंगवून घ्यायची का? मी कोणालाच खरं कारण सांगितलं नाही. शब्द मोडला हेही खोटं नाही.

सगळ्यांच्या नजरा आता सरळ वर चढतात, ओसरीच राहिली नाही. दिवसातून दोनदा तरी मागच्या खोलीत जाऊन दार लावून उभा राहतो. सुई म्हणते, तीही ऑफिसात असंच करते. तिच्या बाईंची वेळ घेतली आहे, माझ्यासाठी.

हिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलंय का? ही पटकन म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "हो. माझ्याकडे." डॉक्टरांनी लिहून घेतलं. कानामागे लावायचं छोटं यंत्र मिळालंय. पहिल्याच दिवशी दुकानात येऊन म्हणाली, "अहो, किती कर्कश आहेत तुमची मशीनं! इतकी वर्षं कोणी घेतली तरी कशी?" घरी आली की यंत्र काढून ठेवते. मग मी समोर जाऊन बसतो.

आज ती वरच्या मजल्यावर होती. मी जिन्यातून ऐकलं, आपल्याशीच काहीतरी बडबडत होती. सपाट, मोठा, पत्र्यासारखा आवाज. जुना मी जिन्यातूनच परत फिरला असता. वर गेलो, वळसा घालून समोर उभा राहिलो, ओठ नीट हलवत विचारलं, "रागावलीयेस?"

तिने मापाची पट्टी भिंतीवर तशीच धरून ठेवली.

"नाही हो," म्हणाली. "खिडकीखाली मशीन मावेल का ते बघतेय. ते टोक धरा."